काम द्या, भाषण नको

मुलांच्या गटात नेतृत्व घडवायचं असेल, तर पहिल्याच बैठकीत ‘नेतृत्वगुण’ या विषयावर व्याख्यान ठेवू नकोस. मुलं जांभया देतील, आणि त्यांचं चुकणारही नाही. त्याऐवजी पाच-सहा जणांचे गट कर आणि प्रत्येक गटावर खरं काम सोपव: खर्चाची वही, सामानाची खोली, पुढच्या कार्यक्रमाची आखणी. १९०७ साली स्काउट चळवळीचे जनक बेडन-पॉवेल यांनी इंग्लंडमधल्या ब्राउन्सी बेटावरच्या शिबिरात हेच केलं. मुलांच्या चार तुकड्या, आणि प्रत्येकीचा नायक मुलांमधलाच.

नायक मात्र दर दोन महिन्यांनी बदल. नाहीतर मोठ्या आवाजाचा मुलगा कायम पुढे आणि हिशेब चोख ठेवणारी मुलगी कायम मागे.

अवघड भाग तुझा आहे. काम बिघडताना दिसलं की हात शिवशिवतात. कुणाला इजा होणार नसेल, तर बिघडू दे. मी सुरुवातीला गुपचूप सगळं सावरायचो. मुलांना ते कळायचं, आणि पुढच्या वेळी ती कामाला हातच लावायची नाहीत. मुलांचा सहभाग कितपत खरा आहे हे दाखवणारी अभ्यासक रॉजर हार्ट यांची एक शिडी आहे. तिला आठ पायऱ्या आहेत, त्यातल्या खालच्या तीन नुसत्या देखाव्याच्या. मुलांना मंचावर बसवून निर्णय आपणच घेणं तिथेच मोडतं.

काम संपलं की दहा मिनिटं बसा. काय जमलं, काय फसलं, ते आधी त्यांना बोलू दे.