कोळसा ओढा, जाळ नको

प्रश्न : ताई, सप्रेम नमस्कार. आमच्याकडे थंडी फार, आणि घर तापवायला दगडी कोळशाची शेगडी आहे. कोळसा अँथ्रासाइट, म्हणजे कडक, कमी धुराच्या जातीचा, आणि तांदळी म्हणतात तो बारीक आकाराचा. दिवसाला २० किलो लागतो. कोठी घराबाहेर, शेगडी तळघरात, मध्ये नऊ पायऱ्या. माझं वय ६६. गेल्या हिवाळ्यात बादल्या उचलून दोनदा कंबर धरली. आता विचार असा आहे : वर्कशॉपमध्ये वापरतात तसा मोठा व्हॅक्यूम क्लीनर घ्यायचा, कोठीपासून १० मीटर चार इंची प्लास्टिकचा पाइप टाकायचा (मोठा पाइप म्हणजे अडकायला नको), शेगडीच्या हॉपरवर (कोळसा भरायच्या वरच्या डब्यावर) घट्ट झाकण बसवायचं आणि व्हॅक्यूम त्या झाकणालाच जोडायचा. कोळसा थेट हॉपरमध्ये पडेल. एवढं वजन ओढायला यंत्र पुरेल का? – एक वाचक

उत्तर : भाऊ, यंत्र पुरेल. तुमचं ते झाकण मात्र आजच्या आज कागदावरून खोडून टाका.

शेगडी पेटलेली असताना हॉपरच्या तळाशी विस्तव असतो. त्याचा वायू धुराड्याकडे जातो तो धुराड्याच्या ओढीमुळे, आणि ही ओढ अगदी नाजूक असते, १०-२० पास्कलची (पास्कल म्हणजे दाब मोजायचं एकक). व्हॅक्यूम क्लीनरचा जोर २०,००० पास्कलच्या घरात. तुम्ही हॉपरवरून ओढायला लागलात की धुराडं हरलं. जाळ कोळशातून वर चढेल, कार्बन मोनॉक्साइड उलटा फिरेल आणि ठिणग्या थेट फिल्टरच्या कागदात. या वायूला ना रंग ना वास, कळेपर्यंत उशीर झालेला असतो. तळघरात आणि झोपायच्या खोलीजवळ त्याचा अलार्म अजून लावला नसेल तर पाइपाच्या आधी तो आणा.

म्हणून कोळसा आधी एका स्वतंत्र ड्रममध्ये आणायचा. ड्रम शेगडीपासून वेगळा, कंबरेच्या उंचीच्या घडवंचीवर, तळाशी सरकती पाटी. व्हॅक्यूम बंद झाल्यावरच पाटी उघडायची आणि कोळसा बादलीत घेऊन हॉपरमध्ये ओतायचा. शेवटची चार पावलं बादली राहतेच, पण पायऱ्या सुटतात, आणि कंबरेचं भांडण पायऱ्यांशी आहे.

आता पाइप. मी बत्तीस वर्षं कारखान्यात राख आणि भुकटी हवेनं वाहून नेणाऱ्या नळ्यांच्या दुरुस्तीवर काढली आणि ‘मोठा घेतला की अडकत नाही’ हे वाक्य दर वर्षी नव्या माणसाच्या तोंडून ऐकलं. उलट आहे. कोळशाचा दाणा तरंगत पुढे जायला हवेला सेकंदाला २०-२५ मीटर वेग हवा. चांगलं यंत्र भार पडल्यावर सेकंदाला साधारण ५० लिटर हवा ओढतं. ही हवा ५० मिलिमीटरच्या पाइपातून नेली तर वेग येतो २५ मीटर. तीच तुमच्या चार इंचीतून, म्हणजे १०० मिलिमीटरमधून नेली तर जेमतेम ६. व्यास दुप्पट, क्षेत्रफळ चौपट, वेग पाव! कोळसा पाइपात आडवा झोपेल आणि तुम्ही यंत्राला दोष द्याल.

पण लहान म्हणजे किती लहान? सर्वांत मोठ्या दाण्याच्या निदान तिप्पट व्यास हवा, नाहीतर दोन दाणे एकमेकांना अडून कमान धरतात. तांदळी दाणा ५ ते ८ मिलिमीटरचा, त्याला ५० चा पाइप आरामात चालतो. उद्या कुणी स्वस्तात मिळाला म्हणून वाटाण्याच्या आकाराचा, म्हणजे १४ ते २० मिलिमीटरचा कोळसा आणला तर मात्र हीच नळी तुंबेल.

पाइप आडवा जाऊ दे किंवा सरळ उभा जाऊ दे, तिरका टाकू नका. तिरक्या पाइपात दाणे खालच्या अंगाला घसरून साठतात. जवळचा रस्ता म्हणून पायऱ्यांच्या उताराला धरून पाइप न्यायचा मोह तुम्हाला होणारच. आतून गुळगुळीत पाइप घ्या. घड्यांची लवचीक नळी फक्त हातात धरायच्या टोकाला, मीटरभर. काटकोनी एल्बोऐवजी लांब वळणाचे बेंड वापरा आणि तेवढे तरी लोखंडी घ्या, कारण कोळसा बेंडच्या बाहेरच्या भिंतीला आतून घासतो आणि प्लास्टिकला भोक पाडतो. सगळा पाइपच धातूचा घेऊन अर्थिंग केलं तर उत्तम. आमच्या थोरल्या दिरांकडे मी पहिली जोडणी केली तेव्हा हौसेनं प्लास्टिक वापरलं होतं. कोरड्या थंडीत दाणे घासून त्यावर असा विद्युतभार साठला, की दिरांनी नळीला हात लावला आणि जो झटका बसला, त्यानंतर आठवडाभर ते मला ‘वीजबाई’ म्हणत होते.

त्याच जोडणीत माझी दुसरी चूक झाली ती ड्रमची. प्लास्टिकचा जाड ड्रम होता, वाटलं टिकेल. कोळशात नळी रुतून तोंड बंद झालं, आतला दाब उतरला आणि ड्रम फटकन पोटात गेला. हिशोब केला असता तर कळलं असतं : ५७ सेंटिमीटर व्यासाच्या झाकणावर २०,००० पास्कलचा फरक म्हणजे पाचशे किलोंहून जास्त भार! हत्ती नाही, पण घोडा नक्की उभा राहिला. तेव्हा ड्रम लोखंडी घ्या, झाकण १८ मिलिमीटर प्लायवूडचं करा, कडेला रबराची पट्टी लावा. यंत्र चालू झालं की झाकण आपोआप घट्ट बसतं. शिवाय झाकणात स्प्रिंगची छोटी झडप बसवा, जी दाब फार उतरला तर बाहेरची हवा आत घेईल. कोळशाची नळी ड्रमच्या कडेनं स्पर्शरेषेत आत यावी, म्हणजे दाणे भिंतीला घासत, वेग हरवत खाली पडतात. यंत्राकडे जाणारी नळी झाकणाच्या मधोमध. एक काचेची खिडकीही ठेवा. ड्रम भरल्याचं कळलं नाही तर पुढचा कोळसा थेट यंत्राच्या पोटात जातो.

यंत्र मात्र घरात ठेवू नका. ते बाहेर, पावसापासून आडोशाला असू दे. हवा बाहेरच्या कोठीतून येते आणि बाहेरच जाते, मग घरातल्या हवेला धक्का लागत नाही. यंत्र आत ठेवलंत तर फिल्टरमधून सुटणारी बारीक धूळ तुमच्या छातीत. आणि यंत्र बाहेर असलं तरी ड्रमच्या सांध्यातून हवा गळत असेल, तर ते घरातली हवा बाहेर टाकतं आणि धुराड्याची ओढ पुन्हा उलटते. चालू असताना प्रत्येक सांध्याजवळ पातळ कागदाची पट्टी धरून बघा. आत ओढली गेली तर तिथे सील लावा.

नळीचं टोक कोळशात नुसतं खुपसू नका, हवा शिरायला वाट हवी. नळीवर जरा मोठ्या व्यासाची दुसरी नळी चढवा, दोन्हींमधून हवा खाली उतरते आणि दाण्यांना घेऊन वर येते. आधी यंत्र चालू, मग टोक कोळशात. थांबताना आधी टोक बाहेर, पंधरा सेकंद नुसती हवा, मग बटण बंद. हे उलट केलंत तर उभ्या पाइपातला सगळा कोळसा खाली बसून बूच होतो. दिरांकडे २० किलो यायला सहा-सात मिनिटं लागतात, कानात बोळे घालून.

ही युक्ती नवी नाही. १८९० च्या दशकात लंडनच्या मिलवॉल गोदीत फ्रेडरिक डकहॅम यांनी जहाजातलं धान्य असंच हवेनं ओढून काढलं होतं.

एक अट मात्र पक्की : कोळसा अँथ्रासाइटच हवा. त्यात उडून जाणारे वायू कमी, त्याची धूळ सहसा स्फोटक ठरत नाही. बिट्युमिनस, म्हणजे जास्त वायूच्या मऊ कोळशाची धूळ हवेत मिसळली की ठिणगीवर उडते, आणि साध्या व्हॅक्यूमच्या मोटरचे ब्रश ठिणग्या टाकतच असतात. तो कोळसा असेल तर हे सगळं विसरा आणि स्क्रू कन्व्हेयरकडे, म्हणजे फिरत्या मळसूत्रानं कोळसा पुढे ढकलणाऱ्या यंत्राकडे वळा.

प्रश्न : ताई, मग त्याच नळीनं शेगडीची राखही ओढता येईल का? – दुसरे वाचक

उत्तर : नाही. राखेत दडलेला निखारा वरून गार वाटतो, पण दोन-तीन दिवससुद्धा धुमसत राहू शकतो. नळीतली हवा त्याला भात्यासारखी फुलवते आणि तो जाऊन बसतो फिल्टरमध्ये. राख लोखंडी, घट्ट झाकणाच्या डब्यात भरा आणि डबा घराबाहेर, लाकडापासून दूर, दगडावर ठेवा.