ऑरेंज अलर्ट असताना कोल्हापूरहून तारकर्लीला जावं का? बुकिंगचे पैसे परत मिळत नाहीत. जायचं झालंच तर काय तयारी ठेवावी?

जाऊ नका. पैसे गेले समजा.

आता हे एवढ्या ठामपणे का सांगतोय ते ऐका. 2019 च्या ऑगस्टमध्ये पंचगंगा राजाराम बंधाऱ्याजवळ 55 फुटांच्या वर गेली होती. धोक्याची पातळी 43. आमचं घर कुंभार गल्लीच्या बाजूला, तळमजला पूर्ण पाण्यात. दिवाळी आली तरी भिंतींचा वास जाईना, म्हणून ठरलं की यंदा दिवाळी ताईकडे, तारकर्लीला लागून असलेल्या देवबागला. विधानसभेच्या निकालाच्या रात्री, 24 ऑक्टोबरला, फोंडा घाटातून उतरलो. 'क्यार' चक्रीवादळाच्या बातम्या सुरू झाल्या होत्या. ताईनं फोनवर दोनदा सांगितलं, "दोन दिवसांनी या." थोरला दादा म्हणाला, "महापूर बघितलेल्या माणसाला पाण्याचं काय सांगतीस?"

हे वाक्य आमच्याकडं दर दिवाळीला अजून निघतं.

देवबाग म्हणजे एका बाजूला कर्लीची खाडी, दुसऱ्या बाजूला समुद्र आणि मधे चिंचोळी वाळूची पट्टी. दादानं गाडी लावली समुद्राच्या अंगाला, सुरूच्या झाडांपाशी, कारण सकाळी उठल्यावर फोटो चांगला येतो. ताईचे सासरे कंदील घेऊन आले आणि म्हणाले, "पावण्यांनु, गाडी आधी हयसून काढा." दादा म्हणाला, सकाळी बघू.

सकाळी वारा आणि पाऊस होताच, पण डोळ्यांत भरेल असं काही नव्हतं. भरती चढायला लागली तशी एक लाट सुरूच्या मुळापर्यंत आली, फेस ठेवून परत गेली. दादा धावत जाऊन गाडीत बसला, रिव्हर्स टाकला आणि ॲक्सिलरेटर दाबला. ओली वाळू वरून डांबरासारखी कडक दिसते. चाक जागेवर फिरलं की ती खालून सरकते. चार लाटांत मागची चाकं अर्धी गेली. पाचवीला डिकीत पाणी शिरलं. आईनं बांधून दिलेला चिवड्याचा डबा गाडीतच तरंगत होता, चकल्यांचं तर विचारू नका.

शेवटी रापणकर, म्हणजे किनाऱ्यावरून मोठं जाळं ओढणारे मच्छीमार, आले. गडबड नाही, आरडाओरडा नाही. आपल्या होड्या त्यांनी आदल्या दिवशीच माडांपर्यंत वर ओढून ठेवल्या होत्या. रापणीचा दोर गाडीला बांधला आणि दहा-बाराजणांनी जाळं ओढतात तशी गाडी ओढली. एकजण दादाला म्हणाला, "गाडीयेत बसान र्‍हव नको, भायर ये." पैसे घेतले नाहीत. आम्ही लाजून उरलेल्या लाडवांचा डबा दिला.

आणि ते वादळ किनाऱ्याला आलंच नाही बरं का! समुद्रातल्या समुद्रात राहून ओमानच्या बाजूला गेलं. त्यामुळं "वादळ लांबून चाललंय" यावर जाऊ नका. त्यात तेव्हा अमावास्या तोंडावर होती, म्हणजे उधाणाची भरती. वादळाच्या लाटा आणि उधाण एकत्र आले की पाणी घरात येतं. 2021 चं तौक्ते तर धडकलं गुजरातला, पण त्याआधी 16 मे रोजी सिंधुदुर्गाला झोडपून गेलं. ताईकडं कित्येक दिवस वीज नव्हती.

आपल्या पुराला वेळ असतो. राधानगरीचे दरवाजे उघडले की बातमी येते, फुटा-इंचांचे मेसेज येतात, शिवाजी पुलाला मच्छिंद्री झाली का, म्हणजे पाणी कमानींपर्यंत चढून माशासारखा आकार दिसतोय का, ते माणसं बघून येतात, मग आपण सामान माळ्यावर चढवतो. समुद्र असं फुटा-इंचांत सांगत नाही. पोहायला येतं म्हणून तिथं उतरणारा माणूस शहाणा नव्हे. परतीची लाट पायाखालची वाळूच घेऊन जाते.

तयारीचं विचारलंत म्हणून: ताई काय करते ते सांगतो. प्यायचं पाणी आधी भरून ठेवते, कारण समुद्राचं पाणी शिरलं की विहीर खारट होते. पंप काढून वर ठेवते. माडावरचे नारळ आणि सुक्या झावळ्या उतरवून घेते. कागदपत्रं प्लॅस्टिकच्या पिशवीत, मोबाइल चार्ज. बंदरावर वादळाच्या इशाऱ्याचा तीन नंबरचा बावटा लागला की घरातलं कुणी पाण्याकडं जात नाही. पर्यटकानं एवढंच करायचं, की तिथं नसायचं. तुम्ही गेलात तर तुम्हाला काढायला याच लोकांना स्वतःची घरं सोडून यावं लागतं.

आधीच पोहोचला असाल तर गाडी रस्त्याच्या आतल्या बाजूला लावा आणि घरमालक म्हणेल ते ऐका. घाटरस्ता चालू आहे का हे विचारल्याशिवाय परतीला निघू नका, पावसात दरड येते. हे सगळं मी देवबाग-तारकर्लीपुरतं सांगतोय, रायगडकडचं तिकडच्या माणसाला विचारा. आणि ऑरेंज अलर्ट प्रत्येक वेळी खरा ठरतोच असं नाही, हेही कबूल. दादा नेमकं हेच म्हणतो.

दादा हे वाचणार आहे. हँडब्रेक मी ओढून ठेवला होता म्हणून गाडी रुतली, असं तो सहा वर्षं पाहुण्यारावळ्यांना सांगतोय. हँडब्रेक मी रात्रीच काढला होता. वहिनी शेजारच्या सीटवर होत्या, त्यांना विचार.