ऐकू न येणाऱ्या भावाला नोकरीच्या तयारीच्या वर्गाला घालून उपयोग होईल का?

तुमचा भाऊ २६ वर्षांचा, जन्मापासून ऐकू येत नाही, मराठी शाळेत दहावी झाला आणि खानापुरात घरीच आहे, असं तुम्ही लिहिलंय. वर्गाला जरूर घाला. माझा धाकटा भाऊही असाच घरी बसून होता. आता तो बेळगावात उद्यमबागेतल्या एका कारखान्यात व्हर्नियर, म्हणजे बारीक मापं घ्यायची पट्टी, लावून तयार झालेले सुटे भाग तपासतो.

आमच्याकडे खरी अडचण कन्नडची निघाली. भाऊ मराठी बोलणाऱ्याचे ओठ वाचतो, पण कन्नड बोलणाऱ्यासमोर त्याला काहीच कळायचं नाही. बसची पाटीही कन्नडच. आपण कंडक्टरला विचारून चढतो, त्याने कुणाला विचारायचं? वर्गातल्या बाईंनी पहिले पंधरा दिवस त्याच्याकडून आपल्या वाटेवरच्या गावांची नावं आणि कन्नड आकडे घोटून घेतले. मग एके सकाळी त्याला एकट्यालाच गाडीत बसवलं. आई स्टँडवर रडत होती. मी मोटारसायकलवरून मागे जाणार होतो, बाईंनी अडवलं. तेव्हा त्यांचा राग आला होता, आज उपकार वाटतात.

मुलाखतीच्या सरावातही तेच. प्रश्न त्याला विचारायचे आणि उत्तर मी द्यायचो. बाईंनी मला बाहेर बसवलं. त्याने वहीत लिहिलं, ‘मला भोंगा ऐकू येत नाही. मशीनपाशी लाल दिवा लावला तर काम जमेल.’ इतकी वर्षं एका घरात राहून त्याला काय लागतं हे आम्ही कधी विचारलंच नव्हतं. कारखान्यातही त्याने तीच वही पुढे केली आणि दिवा बसला.

युडीआयडी कार्ड, म्हणजे अपंगत्वाचं सरकारी ओळखपत्र, नसेल तर आधी ते करून घ्या. २०१६ च्या अपंग हक्क कायद्याने सरकारी नोकऱ्यांत किमान ४ टक्के जागा अपंगांसाठी राखीव आहेत, त्यातला १ टक्का ऐकू न येणाऱ्यांसाठी. दाखल्यावर अपंगत्व किमान ४० टक्के हवं. मात्र कर्नाटक सरकारच्या नोकरीलाही कन्नड लागतंच, म्हणून त्याची सुरुवात आजच करा.

वर्ग बघायला जाताना भावाला बरोबर न्या. शिकवणाऱ्यांना खुणांची भाषा येते का आणि ते तुमच्याशी बोलतात की त्याच्याशी, एवढं नीट बघा.