सकाळी सहाला डेटाबेस झोपला तर?

प्रश्न : आमची चार जणांची टीम आहे, सांगली-कोल्हापूर भागातल्या दूध संकलन केंद्रांना सॉफ्टवेअर देतो. जावाचं ॲप, पोस्टग्रेस हा डेटाबेस, क्लाउडवर मुंबई रिजनमध्ये (डेटा सेंटरच्या समूहात) एकच मशीन. गेल्या महिन्यात पहाटे डिस्क फुल होऊन डेटाबेस बंद पडला, सव्वा तास उत्पादक किटल्या घेऊन उभे आणि सेक्रेटरींचे फोनवर फोन. रिपोर्टसाठी लावलेली रेप्लिका (डेटाबेसची चालती नक्कल) आम्ही नुकतीच काढून टाकली होती, ती असती तर तिच्यावर गेलो असतो. आता एक जण म्हणतो पॅट्रोनी (डेटाबेस पडला की आपोआप दुसऱ्याला मुख्य करणारं सॉफ्टवेअर) लावू, दुसरा म्हणतो मॅनेज्ड (क्लाउड कंपनीनं सांभाळलेला डेटाबेस) घेऊन मल्टी-एझेड (दुसऱ्या डेटा सेंटरमध्ये तयार जोडीदार) करू, आणि साहेब म्हणतात हैदराबादला कॉपी ठेवा, आपोआप तिकडे गेलं पाहिजे. बजेट बेताचं आहे. काय घ्यावं?
— एक वाचक, सांगली

उत्तर : मल्टी-एझेड घ्या. पण आधी जरा कडू बोलतो, त्या दिवशी मल्टी-एझेड असतं तरी तुम्ही वाचला नसता. कारण त्यात स्टँडबायची (राखीव डेटाबेसची) डिस्क म्हणजे पहिल्याचीच कॉपी, तेवढीच मोठी, ही भरली की तीही भरलेली. आणि डिस्क का भरली याचा माझा अंदाज असा की तुम्ही रेप्लिका काढली पण मुख्य सर्व्हरवरचा तिचा रेप्लिकेशन स्लॉट (तिच्यापर्यंत कुठवर बदल पोचले याची नोंद) तसाच राहिला. पोस्टग्रेस बिचारं त्या न येणाऱ्या पाहुण्यासाठी वॉलच्या (बदलांच्या नोंदवहीच्या) फायली साठवत बसतं, डिस्क संपेपर्यंत. पीजी_रेप्लिकेशन_स्लॉट्स ही यादी बघा, ॲक्टिव्हच्या रकान्यात फॉल्स दिसतोय आणि तो स्लॉट कुणाचाच नाही याची खात्री झाली की उडवा. व्हर्जन 13 किंवा पुढचं असेल तर मॅक्स_स्लॉट_वॉल_कीप_साइझ या सेटिंगला आकडा द्या, डिफॉल्टला त्याला मर्यादाच नसते. आणि डिस्क 80 टक्के झाली की मोबाइल वाजेल असा अलर्ट लावा, हे काम आजच.

आता निवड. क्लाउडचं नाव तुम्ही दिलेलं नाही, मी ॲमेझॉनच्या आरडीएस या मॅनेज्ड डेटाबेसच्या भाषेत बोलतो कारण रोज तेच हाताखाली असतं, बाकीच्यांकडे नावं बदलतात कल्पना तीच. मल्टी-एझेडमध्ये त्याच रिजनच्या दुसऱ्या झोनमध्ये (वेगळ्या डेटा सेंटरमध्ये) सिंक्रोनस स्टँडबाय असतो, म्हणजे नोंद दोन्हीकडे लिहिली गेल्यावरच कमिट (पक्की). तुमच्या धंद्यात हे फार महत्त्वाचं, कारण उत्पादकाच्या हातात 6 लिटर, फॅट 4.2 ची पावती आहे आणि डेटाबेसमध्ये ती नोंदच नाही असं झालं तर दहा दिवसांच्या बिलाला काय तमाशा होईल ते तुम्हाला मी सांगायला नको. फेलओव्हरला (मुख्य पडल्यावर स्टँडबायनं जागा घ्यायला) साधारण 60 ते 120 सेकंद लागतात, खर्च जवळपास दुप्पट, आणि या साध्या प्रकारात स्टँडबायवरून वाचता येत नाही, त्यामुळे रिपोर्टची रेप्लिका वेगळीच लागेल. ती रेप्लिका असिंक्रोनस असते, म्हणजे कमिट तिच्यासाठी थांबत नाही, मागे पडते, आणि प्रमोट केली (मुख्य बनवली) तरी तिचा पत्ता वेगळा, म्हणून तिच्या भरवशावर राहू नका.

पॅट्रोनी वाईट नाही हो, मला स्वतःला आवडतं. पण त्याला मुख्य कोण याची नोंद ठेवणाऱ्या एटसीडीचे तीन नोड, पुढे ॲपला योग्य सर्व्हरकडे पाठवणारी एचएप्रॉक्सी लागते, आणि ऑफिसमध्ये जशी फिरती व्हर्च्युअल आयपी (जो सर्व्हर मुख्य त्याच्याकडे जाणारा पत्ता) लावतात तशी क्लाउडवर एका झोनमधून दुसऱ्यात नुसती उडी मारत नाही कारण सबनेट (नेटवर्कचा तुकडा) एकाच झोनचं असतं, मग लोड बॅलन्सर आला, आणि चार जणांत हे सगळं पहाटे पाचला कोण बघणार? एक जण लग्नाला गावी गेला की संपलं.

हैदराबादची कॉपी ठेवा, जरूर ठेवा, पण ऑटोमॅटिक नको. एवढ्या लांबची कॉपी असिंक्रोनस, शेवटच्या काही सेकंदांच्या नोंदी तिथे नसू शकतात. साहेबांना गिटहब या कोड साठवायच्या साइटचं सांगा, 21 ऑक्टोबर 2018. नेटवर्क फक्त 43 सेकंद तुटलं होतं, तेवढ्यात ऑटोमॅटिक यंत्रणेनं अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरचा डेटाबेस सोडून पश्चिम किनाऱ्यावरचा मुख्य केला, दोन्हीकडे वेगवेगळ्या नोंदी लिहिल्या गेलेल्या, आणि ते निस्तरायला 24 तास 11 मिनिटं सेवा लंगडत होती. रिजन बदलायचा निर्णय माणसानंच घ्यावा.

यापुढचं खरं दुखणं तुमच्या ॲपमध्ये आहे, डेटाबेसमध्ये नाही. फेलओव्हर झाला की एंडपॉइंटचं (ॲप ज्या पत्त्यावर डेटाबेस शोधतं त्याचं) नाव तेच राहतं, त्यामागचा आयपी बदलतो. जावा डीएनएसचं (नावावरून आयपी सांगणाऱ्या यंत्रणेचं) जुनं उत्तर धरून बसतं, सेटिंग चुकीचं असेल तर रिस्टार्ट करेपर्यंत, म्हणून नेटवर्कअ‍ॅड्रेस.कॅश.टीटीएल बघा. दुसरं, पोस्टग्रेसच्या जेडीबीसी ड्रायव्हरचा (जावाला डेटाबेसशी जोडणाऱ्या तुकड्याचा) सॉकेटटाइमआउट डिफॉल्ट शून्य, म्हणजे अनंत काळ वाट बघ. मशीन अचानक मेलं तर लिनक्स डिफॉल्टला पंधराएक मिनिटं पॅकेट परत परत पाठवत राहतं, म्हणजे डेटाबेस दोन मिनिटांत उभा आणि ॲप मात्र मेलेल्या कनेक्शनचा हात धरून बसलेलं. मी हे प्रत्यक्ष पाहिलंय, सगळे क्लाउडला शिव्या देत होते.

आणि ऑपरेटर काय करतो? स्क्रीन अडकली की परत सेव्ह दाबतो. पहिली नोंद कमिट झाली होती, फक्त ओके परत आलं नव्हतं, म्हणजे एकाच म्हशीचं दूध दोनदा. प्रत्येक नोंदीला केंद्रावरच युनिक आयडी द्या आणि डेटाबेसमध्ये त्यावर युनिक कन्स्ट्रेंट (तोच आयडी दुसऱ्यांदा नाकारणारा नियम) टाका. केंद्राच्या कॉम्प्युटरवर नोंदी साठवून मागाहून पाठवायची सोय केलीत तर दोन मिनिटांचा फेलओव्हर रांगेतल्या कुणाला कळणारही नाही.

एक बारीक गोष्ट, आरडीएसची मेंटेनन्स विंडो (देखभालीची वेळ) यूटीसीत असते, म्हणजे आपल्यापेक्षा साडेपाच तास मागच्या घड्याळात. रात्री साडेबारा समजून 00:30 टाकलंत तर आपल्याकडे सकाळचे सहा वाजलेले असतात, ऐन संकलनाला! दुपारी एकची हवी तर 07:30 टाका. सगळं लावल्यावर अशाच एखाद्या दुपारी केंद्रं बंद असताना कन्सोलवरून रीबूट विथ फेलओव्हर स्वतः दाबा आणि घड्याळ लावून बघा, डेटाबेस कधी आला ते नाही, पहिली पावती कधी निघाली ते.

प्रश्न : मल्टी-एझेड असेल तर रोजचा बॅकअप बंद करून पैसे वाचवावेत का?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : नाही. कुणी चुकून टेबल ड्रॉप केलं तर स्टँडबायवरही त्याच क्षणी ड्रॉप होतं. 31 जानेवारी 2017 ला गिटलॅब या कोड साठवायच्या साइटच्या इंजिनीअरनं दुसरा सर्व्हर समजून मुख्य सर्व्हरवरचाच डेटा डिलीट केला, मग कळलं की पीजीडम्प या पोस्टग्रेसच्या साधनाचे बॅकअप व्हर्जनच्या घोळामुळे होतच नव्हते आणि ते फेल झाल्याच्या मेलसुद्धा पोचत नव्हत्या. सहा तासांपूर्वी कुणीतरी सहज घेतलेला स्नॅपशॉट (त्या क्षणाची प्रत) होता म्हणून निभावलं, मधला सहा तासांचा डेटा गेलाच. तुम्ही शेवटचा बॅकअप रिस्टोअर करून कधी पाहिलाय?