आयटीआय टर्नर (लेथ मशीनवर काम करणारा) झालोय. चाकणला कॉन्ट्रॅक्टवर जाऊ की ५,००० कमी पगार घेऊन भोसरीच्या टूलरूमला (डाय, साचे बनवणाऱ्या वर्कशॉपला)?

टूलरूमला जा. मीही टर्नरच, आणि मी तेच केलं होतं.

कराडहून आलो, लांडेवाडीत कॉट बेसिसवर राहायचो. शेड लहान: लेथ, मिलिंग, एक सरफेस ग्राइंडर. तिथले जुने टूलमेकर, सगळे त्यांना मामा म्हणायचे, त्यांनी मला आधी फोर-जॉ चकमध्ये (चार जबड्यांच्या पकडीत) जॉब बांधून डायल गेजवर ट्रू, म्हणजे अचूक मध्यावर, करायलाच लावलं. सुई दोन रेघांच्या आत आल्याशिवाय कट घ्यायचा नाही. मग एचएसएसचं (हाय स्पीड स्टीलचं) कापायचं टूल हाताने घासायचं. मेट्रिक आट्यांना ६० अंश, व्हिटवर्थला ५५, गेज लावून उजेडाकडे धरायचं. फट दिसली की परत ग्राइंडरवर. पुढे प्रेस टूल, म्हणजे पत्रा कापायचे पंच (वरचा भाग) आणि डाय (खालचा). पत्रा जाड तसा पंच आणि डायमधला क्लिअरन्स (फट) वाढतो, तो चुकला की पार्टला बर (कडेला धारदार कंगोरा) येते, हे मला मामांनी बर आलेला पार्ट हातात देऊन शिकवलं.

त्या दिवाळीला चुलते सगळ्या भावकीसमोर म्हणाले, "दोन वर्षं शिकून हेल्परचा पगार घेतोस. आमच्या पोराकडे बघ." त्यांचा मुलगा तेव्हा मोठ्या कंपनीच्या लाईनवर होता. युनिफॉर्म, बस, कॅन्टीन सगळं होतं. काम एवढंच: जॉब लाव, बटण दाब, जॉब काढ. कायद्याने सलग नोकरी धरायला लागणारे २४० दिवस भरायच्या आत कॉन्ट्रॅक्टरने ब्रेक दिला, म्हणजे काढलं. पुढच्या ठिकाणी ट्रेड टेस्टला ड्रॉइंग समोर आलं तर टॉलरन्स (मापात किती फरक चालतो ते) लागेना. पोरगा हुशार होता, आजही आहे. त्याला कुणी शिकवलंच नव्हतं. मला तसल्याच टेस्टवर सेटर (मशीन लावून देणारा) म्हणून घेतलं आणि पगार त्याच्या लाईनच्या पगाराच्या पुढे गेला.

चुलत्यांनी तो विषय पुन्हा काढला नाही. मी मात्र काढतो, कारण असले चुलते घरोघरी आहेत. लग्नाच्या बैठकीत 'मुलगा कंपनीत आहे' म्हणता यावं म्हणून पोराला बटण दाबायला पाठवू नये. हाताला काम येण्याची हीच वर्षं असतात.

आता हेही बघा. किमान वेतन, पीएफ, ईएसआय देत नसेल तर टूलरूम कितीही चांगलं असो, जाऊ नका. ओटी (ओव्हरटाइम) दुप्पट दराने मिळायला हवा. सहा महिने झाडू आणि चहाच चालला, तर तो अनुभव नाही, सोडा. घरावर कर्ज असेल तर चाकणला जा, पण सेटरच्या मागे लागून ऑफसेट (मशीनमध्ये टूलचं माप दुरुस्त करणं) तरी शिकून घ्या.

आणि चाकणची ऑफर अप्रेंटिस कायद्याखालची असेल, शेवटी परीक्षा आणि राष्ट्रीय प्रमाणपत्र असेल, तर माझं उत्तर उलटं: कंपनीतच जा. तेव्हा लेटरवर कंपनीचं नाव आहे की कॉन्ट्रॅक्टरचं, ते आधी वाचा.