आधी भिंतीला हात लावणारा पेंटर निवडा

ताई, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे बाकी वाचणाऱ्यांनाही लक्षात येईल. गाव मूर्तिजापूर तालुक्यात, तीन खोल्या आणि पुढे छपरी, बांधकाम चौदा वर्षांचं, खालच्या दोन-अडीच फुटांना लोणा (भिंतीतून फुटणारी क्षारांची पांढरी भुकटी) लागलेला, आणि वैशाखात धाकट्या बहिणीचं लग्न. तीन पेंटरांना विचारलं. पहिल्याने फोनवरच मटेरियलसकट १८ रुपये फूट सांगून टाकलं. दुसरा शेडकार्ड घेऊन आला, मजुरी ९ रुपये फूट, मटेरियल तुमचं. तिसरा सगळ्या खोल्या फिरला, नखाने भिंत खरवडली, बांधकामाला पाणी कोणतं वापरलं ते विचारलं आणि "खालच्या भागाले आत्ता रंग लावू नोका" म्हणून निघून गेला. तो रोजीने काम करतो. घरच्यांना वाटतं तो टाळतोय. तुम्ही विचारता, भरवसा कोणावर ठेवावा?

तिसऱ्यावर. त्याचं कारण जरा लांबलचक आहे.

मी दर्यापूरकडचा. तालुक्याच्या गावी हार्डवेअरच्या दुकानात नऊ वर्षं रंगाचं काउंटर सांभाळलं, आता घरची शेती पाहतो. रंग घेऊन जाणारे पेंटर तर पाहिलेच, पण पावसाळा संपल्यावर पापडी निघाली म्हणून तक्रार घेऊन येणारे घरमालक त्याहून जवळून पाहिले. त्यांची तक्रार असायची रंगाच्या कंपनीबद्दल, आणि दोष बहुतेक वेळा असायचा भिंतीत.

आपल्या पट्ट्यात हे होणारच, कारण आपण खारपाणपट्ट्यात राहतो. अकोला, अमरावती, बुलडाणा जिल्ह्यांतल्या पूर्णेच्या खोऱ्यात जमिनीखालचं पाणी खारट. त्याच बोअरच्या पाण्यात विटा भिजतात, त्यातच मसाला कालवला जातो, प्लास्टरवर आठ-पंधरा दिवस तेच पाणी मारलं जातं. क्षार भिंतीत जाऊन बसतात. पावसाळ्यात जोत्यातून ओल वर चढते, क्षार विरघळतात. पुढे भिंत वाळायला लागली की पाणी हवेत उडून जातं आणि क्षार पृष्ठभागावर येऊन त्यांचे खडे बनतात. ते खडे रंगाला आतून ढकलतात. पांढरी भुकटी, मग फुगवटा, मग पापडी. त्यावर लिटरला शंभराचा रंग लावा नाही तर सहाशेचा, खालून येणारा क्षार दोघांनाही सारखाच सोलून काढतो.

माझ्याच घरी हे झालंय. नवीन घर बांधलं, वास्तुशांतीची तारीख धरलेली, प्लास्टर होऊन जेमतेम बारा दिवस झालेले. पेंटरला विचारलं, जमेल का? तो म्हणाला, जमते ना. पुट्टी, प्रायमर, दोन हात इमल्शन, सगळं आठ दिवसांत. वास्तुशांतीला घर आरशासारखं दिसत होतं. पहिल्याच पावसाळ्यानंतर माजघराच्या तीन भिंती कमरेपर्यंत सोलल्या गेल्या. आईने तिथे लावलेलं देव्हाऱ्याचं फळकुटसुद्धा काढावं लागलं. त्या माणसाचा हात चांगला होता, पट्टी सरळ मारायचा. पण नव्या प्लास्टरला निदान २८ दिवस तरी वाळू द्यावं लागतं हे त्याला माहीत असून तो बोलला नाही, कारण काम हातचं जाईल. तेव्हापासून माझी कसोटी एकच आहे. पेंटर आधी भिंतीबद्दल बोलतो की रंगाबद्दल? आणि गरज पडली तर "आत्ता नको" म्हणतो का?

तुमचा तिसरा माणूस या दोन्हींत उतरला. पाण्याचं त्याने विचारलं ते उगाच नाही. पुट्टी कालवायला आणि रंग पातळ करायलाही पाणी लागतं. तिथेही खारट पाणी वापरलं तर आपण आपल्या हाताने वरून आणखी क्षार देतो. नळयोजनेचं गोडं पाणी दोन ड्रम भरून ठेवा, असं जो पेंटर स्वतःहून सांगतो तो खारपाणात काम करून शिकलेला आहे.

त्याचं म्हणणं तपासायचं असेल तर घरच्यांसमोर हे करा. जाड प्लास्टिकचा हातभर तुकडा घ्या, खालच्या भिंतीवर चारही बाजूंनी चिकटपट्टीने पक्का चिकटवा, एक दिवस-रात्र तसाच ठेवा. सकाळी आतल्या बाजूला पाण्याचे थेंब दिसले तर भिंत अजून ओल सोडते आहे. मग तिथे रंग लावणं म्हणजे पैसे मातीत घालणं.

एक गोष्ट मात्र कोणी सुचवली तरी करू नका. लोणा लपवायला खालच्या तीन-चार फुटांना ऑइल पेंटचा पट्टा मारतात, काही जण फरशी लावून घेतात. आपल्याकडे गावोगाव दिसतो तो पट्टा. ऑइल पेंट ओल बाहेर पडू देत नाही, मग ती ओल आतल्या आत आणखी वर चढते आणि दोन वर्षांनी पट्ट्याच्या वर पापडी निघते. शाळेच्या, समाजमंदिराच्या कितीतरी भिंती अशा बिघडलेल्या मी पाहिल्या आहेत.

तुमच्या घरी जुन्या चुन्याचे थर आहेत का ते लिहिलं नाही. असतील तर हेही पाहा: भिंतीवर तळहात घासला आणि पांढरा झाला, तर तो चुना खरवडून, ब्रशने झाडून काढल्याशिवाय पुट्टी धरत नाही. सगळ्यांत कष्टाचं काम हेच, धूळही फार, आणि पैसे वाचवायला सर्वांत आधी हेच गाळतात. पेंटरला सरळ विचारा, "खरवडाई कोण करणार, किती दिवस?" ज्याच्या हिशोबात खरवडाईचा दिवसच नाही, त्याचा भाव कमी असणारच.

भेगांचंही तसंच. आपली काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते, घरही तिच्यासोबत हलतं. केसासारखी भेग पेंटर भरतो, पण आधी ती कोरून थोडी रुंद करावी लागते. नुसती वरून पुट्टी ओढली तर ती पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा दिसते. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी निघालेली आणि बोटाचं टोक जाईल एवढी भेग असेल तर ते पेंटरचं कामच नाही, मिस्त्रीला किंवा इंजिनिअरला दाखवा. चांगला पेंटर हे स्वतः सांगतो.

आता भाव. १८ रुपये, ९ रुपये आणि रोजी, हे तिन्ही आकडे शेजारी ठेवता येत नाहीत. १८ मध्ये काय काय आहे? पुट्टीचे हात किती, प्रायमर आहे का, वर डिस्टेंपर की इमल्शन, आणि त्यातही कोणतं? फोनवर भिंत न पाहता जो मटेरियलसकट भाव देतो, तो भिंत पाहून मटेरियल कमी करतो, हे मी काउंटरवरून पाहिलंय. रंगात किती पाणी घालायचं ते डब्यावर लिहिलेलं असतं. त्याहून जास्त घातलं की तीच बादली दीड खोली जास्त रंगवते, आणि हाताला पांढरा लागणारा रंग तुमच्या वाट्याला येतो.

मोजमाप तुम्ही स्वतः करा, टेप धरायला भाऊ घ्या. दहा बाय बारा खोली आणि दहा फूट उंची धरली तर चार भिंती ४४० चौरस फूट, वरचा स्लॅब १२०, एकूण ५६०. अशा तीन खोल्या म्हणजे १६८०, म्हणजे साधारण पावणेसतरा ब्रास (एक ब्रास म्हणजे शंभर चौरस फूट). दारं-खिडक्या वजा करायच्या की नाही, हे आधीच ठरवून वहीत लिहा. शेवटच्या दिवशी अर्धी भांडणं याच्यावरूनच होतात.

मटेरियल शक्यतो तुम्ही आणा, बिल तुमच्या नावाने घ्या. इथे टोकनबद्दल सांगायला हवं. रंगाच्या बादलीत पेंटरसाठी टोकन असतं, हल्ली क्यूआर कोड असतो. तो स्कॅन केला की पैसे किंवा पॉइंट त्याच्या खात्यात जमा होतात. ही चोरी नाही, कंपन्यांनीच ठेवलेली पद्धत आहे. पण त्यापायी अमुकच कंपनीचा रंग लागेल, किंवा पाच बादल्यांच्या जागी सात लागतील, असं सांगणारे असतात. मी लोकांना सांगायचो, टोकन पेंटरचंच, त्याच्यावर हक्क सांगू नका, पण पहिल्याच दिवशी मोकळेपणाने बोला: टोकन तुमचं, बादली मात्र माझ्यासमोर उघडायची आणि रिकामी बादली काम संपेपर्यंत अंगणात राहील. प्रामाणिक माणसाला याचा राग येत नाही. मशीनवर कालवलेल्या रंगाच्या झाकणावर शेडचं स्टिकर असतं, त्याचा फोटो काढून ठेवा. पुढच्या वर्षी एखादा कोपरा रंगवायचा झाला तर तोच रंग मिळेल.

जुनं काम पाहायला जाल तेव्हा महिन्याभरापूर्वीचं पाहू नका, नवा रंग सगळ्यांचाच छान दिसतो. दोन पावसाळे पाहिलेलं घर दाखवा म्हणा. संधी मिळाली तर संध्याकाळी जा आणि मोबाइलचा टॉर्च भिंतीला टेकवून आडवा धरा. पुट्टीच्या लाटा, पॉलिशपेपर न मारलेली जागा, सगळं उमटतं. आणि त्या घरच्या बाईशी बोला. पेंटर सकाळी किती वाजता यायचा, फरशीवरचे डाग पुसून गेला का, घरात एकट्या बाया असताना कसा वागला, हे त्याच खरं सांगतील. लग्नघर आहे तुमचं, पंधरा-वीस दिवस परके लोक घरात वावरणार, त्यामुळे हे मला भावापेक्षा मोठं वाटतं.

त्याच्या हेल्परशीही दोन शब्द बोला. रोजचे पैसे रोज मिळतात का, एवढंच. जो पेंटर आपल्या पोरांची मजुरी तटवतो, त्याची पोरं अर्ध्या कामातून निघून जातात आणि तो दुसरं काम धरतो. दुकानात उधारी कोणाची थकली हे मला समोर दिसायचं, आणि तीच नावं पुढे घरमालकांच्या तक्रारीत यायची. बाहेरून रंगवायचं असेल तर शिडी नि परांची कशी बांधतो तेही पाहा. विजेच्या तारेजवळ "बंद करून घ्या, मग चढतो" म्हणणारा माणूस शहाणा आहे.

हंगामाचं एक. आपल्याकडचा पेंटर अर्धा शेतकरी असतो. दिवाळीआधी सगळ्यांना रंग हवा असतो आणि नेमकी तेव्हाच सोयाबीनची सोंगणी असते. तो दोन दिवस आला नाही म्हणजे फसवलं असं नाही, पण कामाआधी "शेताचे दिवस कोणते" हे विचारलेलं बरं. तुमच्या कामाला ती अडचण नाही. उन्हाची मात्र आहे. एप्रिल-मेमध्ये बाहेरच्या भिंती तापतात, रंग ब्रशवरच सुकतो. बाहेरचं काम सकाळी लवकर आणि सावलीच्या बाजूने करायला सांगा.

उचल मागितली तर द्या, पण थोडी. रोजीच्या कामात आठवड्याला हिशोब करा. गुत्त्याने, म्हणजे ठोक रक्कम ठरवून, दिलं तर पुट्टी झाल्यावर काही, पहिल्या हातानंतर काही, आणि एक हिस्सा दिवसाच्या उजेडात सगळं पाहून झाल्यावर. रोजीच्या माणसावर लक्ष ठेवावं लागतं हे खरं, पण खरवडाई-घासाईसारख्या कामात त्याला घाई करायचं कारण राहत नाही, आणि तुमच्या भिंतींना तेच हवंय.

दारं-खिडक्यांवर जुना ऑइल पेंट असेल तर तो कोरडा घासू देऊ नका, पाणी लावून घासायला सांगा आणि लेकरांना त्या खोलीत येऊ देऊ नका. घरगुती रंगात शिशाची मर्यादा दशलक्षाला ९० भाग असा नियम १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. तुमचं घर त्याआधीचं आहे, धुळीत शिसं असू शकतं.

लग्नापुरतं मी असं करेन. खालच्या लोणा लागलेल्या भागावर कोरड्या ब्रशने भुकटी झाडून बाहेर टाका. पाण्याने धुऊ नका, विरघळून पुन्हा आत जाते. सुटलेली पापडी काढा आणि त्या भागाला फक्त चुना द्या: कळीचा चुना रात्रभर विझवून, गाळून, थोडा डिंक आणि नीळ. काही जण चुन्यात मीठ टाकतात, आपल्या भिंतींना ते अजिबात नको. चुन्यातून भिंत श्वास घेते, आणि खराब झालाच तर एका सकाळीत पुन्हा मारता येतो. वरचा कोरडा भाग आणि स्लॅब मात्र आत्ता नीट पुट्टी-इमल्शनने करून घ्या. मध्ये रंगीत पट्टी ओढली की लग्नात कोणाला काही वेगळं वाटणार नाही.

लग्न झाल्यावर खालचं प्लास्टर ओलीच्या रेषेच्या फूटभर वरपर्यंत विटेपर्यंत काढून टाका, उरलेला उन्हाळा भिंत उघडी वाळू द्या आणि मग गोड्या पाण्यात नवं प्लास्टर. त्याआधी ओल कुठून येते ते सापडायला हवं, नाही तर हाही खर्च वाया जाईल. अंगण भरून भरून जोत्याच्या बरोबरीला आलंय का? न्हाणीचं पाणी भिंतीच्या कडेने जातं का?

तिसऱ्या पेंटरला हे सगळं सांगून पाहा आणि तो काय म्हणतो ते लिहा. छपरीच्या आणि न्हाणीला लागून असलेल्या भिंतीच्या खालच्या तीन फुटांचे फोटो दिवसाच्या उजेडात काढून पाठवा, मी पाहतो.