मुलींची ‘गंमत’ आणि काढून घेतलेला फोन

प्रश्न : ताई, मुलगी नववीत आहे. वर्गातल्या मुलींनी तिच्या जांभई देतानाच्या फोटोचं व्हॉट्सअ‍ॅप स्टिकर केलं. ती काही बोलली की तेच टाकतात. मग तिला वगळून वेगळा ग्रुप झाला. आता इन्स्टाग्रामवर तिच्या नावानं, तिच्याच फोटोचं खातं निघालंय. त्यावरून मुलांना घाणेरडे मेसेज जातात. शाळा म्हणते, पोरींची गंमत. मी तिचा फोन काढून घेतलाय. बरोबर केलं ना?
– एक आई, कराड

उत्तर : आधी फोन परत द्या. त्रास तिला झाला आणि शिक्षाही तिलाच! पुढच्या वेळी ती तुम्हाला काही सांगायची नाही.

तुम्ही तिन्ही गोष्टी एकाच गाठोड्यात बांधल्यात. स्टिकर एकदा आलं तर चेष्टा. ‘नको गं’ म्हटल्यावरही येत राहिलं, चारचौघी मिळून टाकू लागल्या, तर तो छळ. मुलांशी बोलताना मी एवढंच विचारते : नको म्हटल्यावर थांबले का?

वगळणं मला जास्त जिव्हारी लागणारं वाटतं. त्यात शिवी नसते, पुरावा नसतो. सोमवारी वर्गात सगळ्या कशावर तरी हसतात आणि हिला कळतच नाही कशावर. इथे पोलिसांचं काम नाही, वर्गशिक्षिकेला गाठा.

नकली खातं मात्र गंमत नव्हे. ऑनलाइन तोतयेगिरी करून फसवणं हा माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० च्या कलम ६६ डी खाली गुन्हा आहे, तीन वर्षांपर्यंत कैदेचा. करणारी मुलं अल्पवयीन निघाली तर प्रकरण बाल न्याय मंडळापुढे जातं, म्हणून तुरुंगाच्या धमक्या देत फिरू नका. खात्याचं नाव, लिंक, मेसेज, तारीख दिसतील असे स्क्रीनशॉट घ्या आणि मगच इन्स्टाग्रामला रिपोर्ट करा. खातं उडालं की पुरावाही जातो. राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार करा. १९३० हा क्रमांक मुख्यतः पैशांच्या फसवणुकीसाठी आहे. १०९८ या चाइल्ड हेल्पलाइनवर मुलगी स्वतःही बोलू शकते.

शाळेला अर्ज लेखी द्या, पोच घ्या. ‘गंमत’ हा शब्द तोंडी सोपा जातो, कागदावर लिहून द्यायला कुणी धजत नाही.

आणि स्टिकर कुणी केलं हे ती सांगत नसेल, तर खोदून विचारू नका. बहुतेक तिची जुनी मैत्रीणच असेल.